अडेनियमचं क्रॉसिंग: आपल्या कुंडीत आपलं वाण

बुलढाणा जिल्ह्यातल्या देऊळगाव राजा, सिंदखेड राजा या पट्ट्यात क्रॉसिंग म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मिरची, टमाटे, काकडीच्या बीजोत्पादनाची शेडनेटं गावोगाव उभी आहेत. संध्याकाळी कळी उघडून पुंकेसर काढायचे, सकाळी बोटातल्या अंगठीत भरलेला पराग मादी फुलाला लावायचा, टमाट्याच्या फुलाखालची हिरवी दलं खुडून खूण ठेवायची. आमच्याकडच्या बाया हे काम बोलता बोलता करतात. मीही सहा हंगाम केलं. पण तयार झालेलं बियाणं पिशवीत भरून निघून जातं. त्यातून पुढं काय उगवलं, कसं फळ लागलं, ते आपल्याला कधी दिसत नाही. मला ते बघायचं होतं. स्वतः जुळवलेल्या दोन झाडांचं लेकरू स्वतःच्या अंगणात फुलताना बघायचं होतं. म्हणून दारातल्या कुंड्यांतल्या दोन अडेनियमवर, म्हणजे फुगीर बुंध्याच्या फुलझाडांवर, हात चालवायला सुरुवात केली.

तीन वर्षं एकही शेंग धरली नाही.

हात टमाट्याला सरावलेला. सकाळी फुलाच्या तोंडात ब्रश फिरवायचे आणि तोच ब्रश दुसऱ्या झाडाच्या फुलात घालायचे. चार-पाच दिवसांनी फूल देठासकट गळायचं. शेवटी एक फूल ब्लेडनं उभं चिरून उजेडात धरलं, तेव्हा कळलं की माझा ब्रश जिथं फिरत होता तिथं परागही नव्हता आणि पराग घेणारी जागाही नव्हती. हा लेख मुख्यतः त्या चिरलेल्या फुलाबद्दल आहे आणि त्यानंतर ठेवायच्या चिठ्ठीबद्दल. माती-पाण्याचं बाकी काम तुम्हाला माझ्याइतकंच येत असेल.

अडेनियमच का

सक्युलंट, म्हणजे पानांत-खोडात पाणी साठवणारं झाड, म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढं कमळासारखी पानं उमललेली एचेव्हेरिया येते. नर्सरीत ती फार देखणी दिसते. मी दोनदा आणली. पहिलं रोप मे महिन्यात उकडून गेलं, दुसरं आषाढात सडलं. ती मुळात मेक्सिकोकडच्या डोंगराळ, थंड रात्रींच्या प्रदेशातली, आपल्या रात्री तिला सोसत नाहीत. अडेनियमचं तसं नाही. ते सहाराच्या दक्षिणेकडच्या पट्ट्यातलं आणि अरबस्तानातलं झाड. फुगलेल्या बुंध्यात पाणी साठवतं, पारा ४३ वर गेला तरी कुंडीत उभं राहतं आणि ऐन उन्हाळ्यात फुलतं. विदर्भातल्या अंगणात ज्याला क्रॉसिंग शिकायचं आहे, त्यानं इथूनच सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे.

हे कण्हेर, सदाफुली, चाफा आणि रुई यांच्या कुळातलं झाड आहे. पान तोडलं की चीक निघतो तो त्यामुळंच. हा चीक विषारी आहे, त्याचा परिणाम हृदयावर होतो. आफ्रिकेत शिकारी तो बाणाच्या टोकाला लावत असत. घरात रांगतं लेकरू असेल, दारात वासरू किंवा शेळी बांधलेली असेल, तर कुंड्या त्यांच्या तोंडाच्या टप्प्याबाहेर ठेवा. कलमाचं ब्लेड वेगळं असू द्या, स्वयंपाकघरातली सुरी वापरू नका. काम झालं की हात साबणानं धुवा आणि तोवर डोळे चोळू नका.

जोडी जुळवताना

पहिली अट अशी की झाडं दोन हवीत आणि ती खरोखर दोन हवीत. अडेनियमला स्वतःच्या परागानं सहसा शेंग धरत नाही. एकाच जातीची दोन कलमं घेतली तर कुंड्या दोन असतात, झाड मात्र एकच असतं, कारण दोन्ही कलमं एकाच मूळ झाडाच्या फांद्या आहेत. आमच्या गल्लीत एकीनं दोन गडद लाल कलमं आणून वर्षभर मेहनत घेतली आणि हात आपलाच वाईट म्हणून सोडून दिलं. हात चांगला होता, जोडी चुकली होती.

आई म्हणून मी नेहमी बियांपासून वाढलेलं साधं गुलाबी झाड घेते. नर्सरीत त्याला ‘देशी’ म्हणतात. खरं तर ते देशी नाही, पण शब्द रुळला आहे. ते दणकट असतं, शेंग धरून ठेवतं आणि त्याच्या मुळांना आपलं पाणी-हवा मानवलेली असते. बाप म्हणून रंगाचं किंवा काठाच्या नक्षीचं कलम घ्यावं. दोन-तीन थरांच्या पाकळ्यांची जात वापरायची असेल तर ती बाप म्हणूनच वापरा. अशा फुलांत आतली रचना वाकडीतिकडी असते, मादी म्हणून तिच्यावर काम करताना नवख्याचा जीव मेटाकुटीला येतो. पराग मात्र शोधला तर बऱ्याचदा सापडतो.

आई किमान दोन वर्षांची हवी, बुंधा दाबल्यावर टणक लागला पाहिजे. नुकतीच कुंडी बदललेली असेल तर हा हंगाम जाऊ द्या. शेंगा झाडाचं पुष्कळ बळ खातात. त्या जोडीनं येतात; लहान झाडावर एका वेळी शेंगांच्या दोन जोड्यांपेक्षा जास्त ठेवू नयेत.

आणि कशासाठी जुळवता ते आधी ठरवा. ‘काहीतरी नवं’ एवढ्यावर काम भागत नाही. मला बुटकं, जाड बुंध्याचं आणि गडद फुलाचं झाड हवं होतं. एक बुंधा म्हणून निवडलं, एक रंग म्हणून. दोनच गुण धरले म्हणून पुढं निवड करता आली.

इथं बीजोत्पादनाच्या प्लॉटवरच्या बायांना एक गोष्ट वेगळी वाटेल. १९७० साली डॉ. सी. टी. पटेल यांनी सुरतेच्या संशोधन केंद्रातून एच-४ आणलं. व्यापारी लागवडीतलं ते जगातलं पहिलं संकरित कपाशीचं वाण. तेव्हापासून आपल्याला माहीत आहे की संकरित बियाणं पहिल्या वर्षी एकसारखं उगवतं आणि तेच घरी ठेवून पेरलं की दुसऱ्या वर्षी फुटतं, झाडागणिक वेगळं दिसतं. पहिल्या वर्षीचा एकसारखेपणा येतो तो आई-बापाच्या ओळी पिढ्यान्‌पिढ्या शुद्ध केलेल्या असतात म्हणून. अडेनियमची आपल्याकडं मिळणारी झाडं स्वतःच मिसळलेली आहेत. त्यामुळं इथं पहिल्याच पिढीत एका शेंगेतली पन्नास रोपं पन्नास प्रकारची निघतात. प्लॉटवर हा दोष मानतात. आपल्या अंगणात मात्र सगळी मजा यातच आहे.

कधी करायचं

आमच्याकडं फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिलच्या मध्यापर्यंतचा काळ सगळ्यांत चांगला. थंडीत पानं गाळून बसलेलं झाड शिवरात्रीनंतर जागं होतं आणि होळीला फुलांनी भरतं. मार्चमध्ये केलेल्या क्रॉसची शेंग मे-अखेर किंवा जूनमध्ये पिकते. म्हणजे बी हातात येतं आणि पेरणीला लागणारी ऊब, दमटपणा दारात हजर असतो. नवतपाच्या, म्हणजे मे-अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांच्या, आसपास मी क्रॉसिंग करत नाही. त्या झळांत फुलं दुपारपर्यंत मलूल होतात आणि माझ्या हातून त्या दिवसांत फारच कमी शेंगा धरल्या आहेत. पावसाळ्यानंतर, नवरात्राच्या सुमारास दुसरा बहर येतो. तेव्हाही जमतं, फक्त शेंग डिसेंबर-जानेवारीत पिकते आणि बी फेब्रुवारी उजाडेपर्यंत कागदाच्या पुडीत कोरडं जपावं लागतं. ताजं बी जास्त उगवतं, त्यामुळं हा दुसरा पर्याय.

वेळ सकाळची, सात ते नऊ. फूल उमलून एक-दोन दिवस झालेलं असावं. कडा वळायला लागलेलं जुनं फूल घेऊ नये.

फुलाच्या आत

आता मुख्य काम. पहिल्या दिवशी क्रॉसिंग करूच नका. तीन-चार फुलं नुसती फाडून बघायला घ्या. फुलांची हळहळ वाटते, पण माझी तीन वर्षं या एका सकाळीत वाचली असती.

अडेनियमचं फूल कर्ण्यासारखं असतं. वर पाच पाकळ्या, खाली निमुळती नळी. नळीच्या तोंडाशी पाच लांब, केसाळ दोरे दिसतात. नवखा माणूस त्यांनाच पुंकेसर समजतो आणि मीही तेच समजत होते. ती फक्त शेपटं आहेत. त्यांचा माग काढत नळीत खाली जा. नळी नखानं वरून खाली अर्धी फाडा आणि पुस्तकाचं पान उलगडावं तशी उघडा. तळाशी ज्वारीच्या दाण्याएवढा, वर टोकदार असा शंकू दिसेल. पाच परागकोश कडेला कडा लावून घट्ट मिटलेले असतात, देवळाच्या शिखरासारखे. पराग या शंकूच्या आत, वरच्या भागात असतो. आणि शंकूच्या मधोमध, परागाच्या खालच्या बाजूला फुलाच्या मादी भागाचं हिरवट-पांढरं डोकं असतं. पराग घेणारी जागा त्या डोक्याच्या माथ्यावर नाही, खालच्या कडेला आहे. म्हणजे पराग माडीवर, स्वीकारणारी जागा तळमजल्यावर आणि दोन्ही बंद घरात. किड्याची सोंड दोन कोशांच्या मधल्या बारीक फटीतून आत जाते आणि बाहेर येताना ही देवघेव होते. आपली काडी त्या सोंडेच्या जागी आहे.

हत्यारं साधी लागतात. टोक आणखी बारीक तासलेली टूथपिक, एक टाचणी, नवं ब्लेड, आणि डोळे माझ्यासारखे चाळिशीला आले असतील तर भिंग. ब्रशचा आग्रह असेल तर लहान मुलांच्या रंगपेटीतला सर्वांत बारीक घ्या आणि त्याचे तीन-चारच केस ठेवा. मला टूथपिकच बरी वाटते.

आधी नर फूल. ते झाडावरून तोडून घ्या. नळी फाडून पाकळ्या टाकून द्या, हातात नुसता शंकू राहू द्या. टाचणीनं एक कोश बाहेर वाकवा, तो मोडला तरी चालेल, मग शेजारचा मोडा. आतल्या बाजूला वरच्या टोकाशी फिकट पिवळा, पिठासारखा पण जरा चिकट गोळा दिसेल. हाच पराग. कोरड्या काडीला तो पटकन चिकटत नाही. अशा वेळी काडी पाण्यात बुडवू नका, पाण्यानं पराग खराब होतो. त्याच फुलाच्या मादी डोक्याला नैसर्गिक चिकटा असतो. काडीचं टोक आधी त्याला टेकवा आणि मग परागाला, गोळा उचलला जातो. तांदळाच्या कणीच्या चौथाईइतका आला तरी पुष्कळ झाला. परागाऐवजी नुसती पांढरट पूड किंवा काहीच नसेल तर ते फूल सोडून दुसरं घ्या. काही कलमांना पराग नीट धरतच नाही.

आता मादी फूल. हे झाडावरच राहील. डाव्या हाताच्या दोन बोटांनी देठाला खालून आधार द्या. नळीची आपल्याकडची बाजू वरून खाली चिरा, पण अगदी बुडाशी जाऊ नका, तिथं अंडाशय आहे. शंकू दिसला की दोन कोशांमधली फट शोधा. काडीचं परागाचं टोक त्या फटीच्या खालच्या अर्ध्या भागातून आत घाला, किंचित वर उचला, जरा फिरवा आणि बाहेर काढा. पराग आत राहिला की काडीचं टोक स्वच्छ येतं. पाचपैकी दोन-तीन फटींत असं करा.

हे जमत नसेल तर दुसरी रीत आहे आणि नवख्यांना मी हीच शिकवते. मादी फुलाच्या शंकूतले आपल्याकडचे दोन कोश टाचणीनं मोडून काढा. आतलं डोकं उघडं पडतं. मग पराग त्या डोक्याच्या खालच्या कडेला सरळ टेकवता येतो. यात मादीचा स्वतःचा थोडा पराग सांडतो, पण स्वतःच्या परागानं ती सहसा धरत नसल्यामुळं टमाट्यासारखी आदल्या संध्याकाळी नर काढून टाकायची गरज इथं पडत नाही. अडेनियम आपल्याला हे एक काम माफ करतं.

झालं की नळीच्या चिरलेल्या कडा पुन्हा जवळ आणा. तीन-चार दिवस फुलावर पाणी पडू देऊ नका, कुंडीत मुळाशीच घाला. एका जोडीची पाच-सहा फुलं करा. सगळी धरत नाहीत. माझ्याकडं चांगल्या दिवसांत सहापैकी दोन धरतात आणि तेवढ्यात पुरतं.

चिठ्ठी

हात धुण्याआधी चिठ्ठी. यात मी एकदा चुकले आणि ते अजून मनातून जात नाही. दुसऱ्या वर्षीच्या रोपांत एकाला जांभळाच्या रसासारखं गडद फूल आलं, घशात पांढरं चांदणं. तसं फूल मी कुठंही पाहिलेलं नव्हतं. त्याची चिठ्ठी वाचायला गेले तर मार्करची शाई उन्हानं पूर्ण उडालेली. आई कोण, बाप कोण, काही कळलं नाही. पुढच्या पावसाळ्यात ते झाड बुंध्यातून सडलं. आई-बाप माहीत असते तर तीच जोडी पुन्हा जुळवली असती.

तेव्हापासून चिठ्ठी शिसपेन्सिलीनं लिहिते. रंगाच्या पांढऱ्या डब्याच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या कापायच्या, पॉलिश कागदानं जरा घासायच्या आणि पेन्सिलीनं लिहायचं. आपल्या उन्हात दोन वर्षं अक्षर टिकतं. आणखी पक्कं हवं तर कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा कापून बंद पडलेल्या बॉलपेननं दाबून लिहा. देठाला मात्र जड पट्टी लटकवू नका. तिथं रंगीत दोरा बांधा, आणि कुठल्या रंगाचा दोरा म्हणजे कुठला बाप हे वहीत लिहा.

वहीत आईचं नाव आधी, मग गुणिलेची फुली, मग बाप. हा क्रम जगभर पाळतात, आपणही पाळावा. त्यापुढं तारीख, किती फुलं केली, किती धरली, शेंग कधी पिकली, किती बिया, किती उगवल्या. एका जोडीला वहीचं एक पान द्या. तिसऱ्या वर्षी ही वही झाडांपेक्षा मोलाची होते.

शेंग

धरलं की नाही ते आठवड्यात कळतं. न धरलेलं फूल देठासकट गळतं. धरलं असेल तर पाकळ्या वाळून जातात, पण खालचा हिरवा भाग राहतो आणि दहा-पंधरा दिवसांत त्यातून दोन शिंगं बाहेर पडतात, बैलाच्या शिंगांसारखी एकमेकांपासून दूर जाणारी. पिकायला अडीच ते तीन महिने. या काळात पाणी तोडू नका आणि कुंडी हलवू नका. रुईवर असतो तसा पिवळा मावा यावरही येतो, तो पाण्याच्या धारेनं धुवा. कोरड्या उन्हात पानांखाली लाल कोळी येतो. कण्हेरीवरची जाड हिरवी अळी एका रात्रीत पानं फस्त करते, ती हातानं वेचावी.

शेंग पिकत आली की हिरवा रंग करडा-तपकिरी होतो. त्याआधीच तिच्यावर मच्छरदाणीच्या तुकड्याची छोटी पिशवी शिवून बांधा. शेंग एका बाजूनं उकलते आणि प्रत्येक बीला दोन्ही टोकांना म्हाताऱ्यांसारखे केस असतात. वारं आलं की बी गेलंच. पिशवी नसेल तर शेंगेला जागोजागी दोरा गुंडाळला तरी चालतं. हिरवी शेंग घाईनं तोडू नका, आत पोचट बी निघतं.

पेरणी

काळी माती नको, अजिबात नको. तुरीला, कपाशीला ती सोनं आहे, पण अडेनियमच्या मुळांना ती पाणी धरून मारते. धुतलेली जाड रेती, कोकोपीट आणि विटांचा चाळलेला चुरा सारख्या भागांत मिसळा. बारीक धूळ चाळून फेकून द्या. मूठभर लाकडी कोळशाचा चुरा आणि थोडं ट्रायकोडर्मा (रोपांना उपयोगी बुरशीची पूड) घातलं तर रोपांची मर कमी होते. बीचे केस काढा, बी आडवं ठेवा आणि वर अर्धा सेंटिमीटर मिश्रण पसरा. पाणी वरून ओतू नका. ट्रे पाण्याच्या परातीत ठेवा, वरचा थर ओलसर दिसला की काढा. जूनच्या उबेत चार ते सात दिवसांत जाड, गोलसर बुंध्याची रोपं वर येतात. उगवतात तेव्हाच पोट दिसतं, ते बघून माझी पोरगी टाळ्या वाजवते.

पहिला महिना हिरव्या जाळीखाली, पण उजेडात. मृगाचा पाऊस थेट पडू देऊ नका. माझी निम्मी रोपं एका वर्षी एकाच रात्रीच्या पावसानं गेली. सहा-आठ पानांवर आली की वेगळ्या कुंड्यांत लावा आणि प्रत्येकीत तिची चिठ्ठी. दिवाळीनंतर पाणी कमी करत न्या. थंडीत पानं गळली तर घाबरून पाणी वाढवू नका, झोपलेल्या झाडाला पाणी पाजलं की ते सडतं.

निवड

चांगलं ऊन मिळालं तर पहिलं फूल वर्ष-दीड वर्षात येतं. काही रोपं दोन वर्षं घेतात. खरं काम इथं सुरू होतं. काडीनं पराग लावायला दहा मिनिटं लागतात, पण पन्नास रोपांतून एक ओळखायला डोळा लागतो आणि धीर लागतो.

चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांची गोष्ट या बाबतीत मला सगळ्यांत जवळची वाटते. १९८३ साली त्यांना आपल्या पटेल-३ धानाच्या बांधीत वेगळ्या दिसणाऱ्या, पिवळसर दाण्यांच्या तीन लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, वेगळ्या पेरल्या आणि वर्षामागून वर्ष निवडत गेले. त्यातून उभं राहिलेलं धान तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळाच्या नावावरून एचएमटी म्हणून देशभर गेलं. त्यांनी क्रॉसिंग केलं नव्हतं, निवड केली होती. त्या बांधीवरून आणखी किती माणसं गेली असतील, पण थांबले ते एकटे.

माझी पद्धत अशी आहे. तीन महिन्यांनी अगदी खुरटी, पिवळी रोपं काढते. त्यानंतर दुसरं फूल येईपर्यंत कुणालाच हात लावत नाही. पहिलं फूल बऱ्याचदा खरं नसतं, रंग फिका किंवा आकार लहान येतो, आणि ऊन-थंडीप्रमाणंही रंग बदलतो. दुसऱ्या बहरात प्रत्येक फूल पांढऱ्या कागदावर ठेवून सकाळच्या सावलीत फोटो काढते, म्हणजे तुलना खरी होते. मग ठरवलेल्या दोन गुणांवर झाडांचा क्रम लावते. साठांतून दोन-तीन राहिली तर ते वर्ष चांगलं. उरलेली फेकायची नाहीत, खुंट म्हणून, म्हणजे ज्यावर कलम बांधतात ते बुडाचं झाड म्हणून, ती उत्तम.

हवं ते पहिल्या पिढीत दिसलं नाही म्हणून जोडी वाया गेली असं समजू नका. काही गुण पहिल्या पिढीत लपून राहतात. दोन भावंडं एकमेकांत जुळवा, किंवा एक लेकरू परत हव्या त्या आई-बापाकडं न्या. वेळ दुप्पट लागतो, पण लपलेलं बाहेर येण्याचा मार्ग हाच आहे.

अडेनियम नसेल तर

पोरांना शिकवायचं असेल तर ऑफिस टाइमचं फूल घ्या. पेरणीपासून फुलापर्यंत दोन महिन्यांच्या आत सगळं दिसतं. ते स्वतःच्या परागानं धरतं, म्हणून फूल पूर्ण उमलण्याआधीच त्याचे पुंकेसर कात्रीनं काढावे लागतात. त्याच्या पुंकेसरांना काडी लावली की ते हलतात, हे बघायला पोरं आपणहून येतात. बोंडाचं झाकण टोपीसारखं निघतं आणि आत करडं, बारीक बी असतं.

सावलीचा व्हरांडा असेल तर गॅस्टेरिया, हावर्थिया (दोन्ही जाड पानांची छोटी झाडं) आणि कोरफड हे तिघं नातलग आहेत. तिघांच्या बहुतेक जातींत गुणसूत्रं १४ असतात, त्यामुळं वेगळ्या वंशांतले असूनही त्यांचे संकर होतात. यांच्या नळीसारख्या फुलांत पराग आधी सुटतो आणि मादी टोक नंतर तयार होतं, म्हणून नव्या फुलाचा पराग दोन-तीन दिवस जुन्या फुलाच्या टोकाला लावायचा. हावर्थियाची नळी फार अरुंद असते, तिथं मासे धरायच्या गळाच्या नायलॉन दोरीचा तुकडा काडीपेक्षा बरा पडतो. काटेरी युफोर्बियातही हे जमतं, पण तिथं क्रम उलटा, मादी भाग आधी पुढं येतो. तिचं पिकलेलं बोंड तडकून बी लांब उडवतं आणि चीक डोळ्यात गेला तर फार त्रास होतो.

निवडलेलं टिकवायचं कसं

निवडलेल्या झाडाचं बी पेरून तेच झाड परत मिळत नाही, ते पुन्हा फुटतं. त्यासाठी कलमच करावं लागतं. फांदीही रुजते, पण तिला पोट धरत नाही. एक वर्षाचा, पेन्सिलीएवढ्या जाडीचा खुंट निवडा. ब्लेड स्पिरिटनं पुसून खुंट वरून आडवा कापा आणि मधोमध इंग्रजी व्हीसारखी खाच पाडा. निवडलेल्या झाडाची तेवढ्याच जाडीची, दोन-तीन इंचाची काडी घ्या, पानं काढा, बूड पाचरीसारखं तासा आणि खाचेत बसवा. साल सालीला भिडली पाहिजे, दोन्ही बाजूंना नसेल तर किमान एका बाजूला तरी. चीक कापडानं टिपा, प्लॅस्टिकच्या पट्टीनं घट्ट बांधा आणि वरून छोटी पिशवी उलटी घाला. सावलीत ठेवा. दोन-तीन आठवड्यांत काडीवर हिरवे कोंब दिसले की पिशवी एकदम न काढता कोपरा कापून हवा द्या, मग चार दिवसांनी काढा. हे काम फेब्रुवारी ते एप्रिल किंवा ऑक्टोबरात करा. पावसाळ्यात कापलेली जागा सडते.

किमान तीन कलमं करा आणि एक दुसऱ्याच्या अंगणात ठेवा. माझं गडद फुलाचं झाड गेलं तेव्हा त्याचं एकही कलम कुठं नव्हतं.

कलमांना पुढच्या हंगामात तेच फूल आलं, तोच रंग, तोच काठ, की मग नाव द्या, त्याआधी नाही. लागवडीतल्या वाणाचं नाव एकेरी अवतरणचिन्हांत लिहितात आणि १९५९ पासूनच्या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणं ते लॅटिन धाटणीचं चालत नाही. आपल्या बोलीतलं नाव नियमात बसतं. माझ्याकडं सध्या एका बुटक्या, राणी रंगाच्या झाडाची तीन कलमं आहेत, दोन माझ्या ओट्यावर आणि एक माहेरी. वहीतल्या त्यांच्या पानावर नावाची जागा कोरी आहे. होळीला फुलतील तेव्हा तिन्ही फुलं एका कागदावर ठेवून बघणार आहे.